बाबांचा तवा

आमच्या घरात दोन तवे होते. एक आईचा, पोळ्यांचा. दुसरा बाबांचा, आणि त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. स्नेहलतागंज मोहल्ल्यात घराखालीच त्यांचं डिझेल इंजिनांचं वर्कशॉप होतं. नर्मदेवरचे नाववाले आपल्या इंजिनाचं तेल बाटलीत भरून, बस बदलत त्यांच्याकडे यायचे. तेलात पाणी उतरलंय का, एवढंच विचारायला.

तेल दुधाळ झालं असेल तर कोणालाही दिसतं. थोडंसं पाणी मात्र काळ्या तेलात दिसत नाही. मग बाबा तवा स्टोव्हवर तापवायचे, त्यावर एक थेंब सोडायचे आणि कान जवळ नेऊन ऐकायचे. चांगलं तेल मुकाट्याने धूर सोडतं. पाणी असलं की मोहरीसारखं तडतडतं.

दोन वर्षांपूर्वी, एका शनिवारी, मी चहा घेऊन खाली गेले तर एक नाववाला बसलेला. इंजिन जरा जास्त तापतंय, एवढीच त्याची तक्रार होती. "मिस्तरीजी, कल पूनम है. सुबे से सवारी ढोना है," तो म्हणाला. पौर्णिमेला नर्मदेवर स्नानाची गर्दी असते.

बाबांनी थेंब सोडला. तड. मग तडतड. बारीक, पण अगदी स्पष्ट.

वाकलेले बाबा सरळ झाले. "कुछ नी है भिया. ले जाओ, बिनधास्त चलाओ."

माझ्या हातात ट्रे तसाच राहिला. टीव्हीचा आवाज वाढत गेला होता, ते आठवलं. आणि फोन! फोन आला की बाबा तो माझ्याकडे द्यायचे, "हात तेलाचे आहेत, तू घे" म्हणून. साहेबांना सेक्रेटरी लागते, असं मी त्यांना चिडवायची. जन्मभर डिझेलच्या धडधडीत उभा राहिलेला माणूस, आणि आम्ही हसत होतो.

नाववाल्याला त्या आवाजाचा अर्थ माहीत नव्हता. मिस्तरी म्हणाले, विषय संपला. बाटली पिशवीत टाकून तो चपला घालायला लागला. पाणी मिसळलेल्या तेलावर बेअरिंग झिजतात, इंजिन भर प्रवाहात जाम होतं, मग नाव नदी नेईल तिकडे जाते, हे मी लहानपणापासून जेवताना ऐकत आले होते. तरी तोंड उघडेना. गिऱ्हाइकासमोर बाबांना खोटं कसं पाडायचं? त्या मिनिटाची मला अजून लाज वाटते.

तो उंबऱ्यावर पोचला तेव्हा मी म्हणाले, "बाबा, परत टाका ना एकदा."

"का? बघितलं ना आत्ता."

"टाका."

नाववाला परत आला, बाटली उघडली. थेंब पडला, पुन्हा तडतडला. या वेळी बाबा तव्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

"वाजतंय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी होकाराची मान हलवली.

"कल नाव मत निकालना," ते नाववाल्याला म्हणाले. "इंजन का हेड खोलना पडेगा. मैं खुद आऊंगा." तो कुरकुरला, पूनम वाया गेली म्हणाला, पण कबूल होऊन गेला.

मला हायसं वाटलं. "बरं झालं, वेळेत कळलं," मी म्हणाले. बाबांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं. त्यांनी स्टोव्ह बंद केला. मग साबण लावून हात धुतले, नखांतला काळेपणा जाईपर्यंत घासले. आणि भिंतीसमोर जाऊन उभे राहिले.

त्या भिंतीवर सगळ्या नाववाल्यांचे नंबर पेन्सिलीने लिहिलेले होते. बाबांचं बोट खालून वर सरकत गेलं. या सगळ्यांचं तेल त्यांनी त्याआधीच्या वर्ष-दोन वर्षांत तव्यावर टाकलं होतं आणि बिनधास्त चलाओ म्हणून त्यांना परत पाठवलं होतं.

बोट एका नंबरवर थांबलं. "हा दिवाळीनंतर आला नाही," ते म्हणाले. नंबर लावला आणि फोन माझ्यापुढे धरला. हात स्वच्छ होते.

घंटी वाजत राहिली. वाजून वाजून बंद झाली. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.