राजाने लेकासाठी वसवलेलं शहर

माद्रिदहून गाडी निघाली, गाडीत हे, मी आणि लेक. निघालो होतो पडलेलं शहर बघायला, पण माझी धास्ती वेगळीच. माद्रिदला नोकरी करणाऱ्या लेकाने, अभिजितने, मला आधीच फोनवर सांगून टाकलं होतं, "आई, मी आता इथेच घर घेतोय. बाबांना तूच सांग." पुण्याच्या खराडीत आमच्या शेताचं आयटी पार्क झालं. उरलेल्या तुकड्यावर ह्यांनी तीन मजली इमारत बांधली, तिला नाव दिलं 'अभिजित'. तिसरा मजला लेकासाठी पाच वर्षं कुलपात. कसं सांगणार, सांगा!

टेकडीवर रेकोपोलिस. रोमनांनंतर स्पेनवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांच्या राजाचं, दीड हजार वर्षांमागचं शहर. खाली ताहो नदी, हिरवी, संथ. वाऱ्याला तोमियोचा (ओव्यासारख्या वासाचं रानझुडूप) वास. कमरेइतक्या भिंती, मध्ये गवत, पडक्या चर्चमधून दिसणारं आभाळ. मला वाटलं, आपण कुणाच्या तरी स्वप्नात शिरलोय.

आमचे हे कुठले स्वप्नात! राजवाडा पावलांनी मोजायला लागले. "बारा गुंठं तरी हाय," म्हणत भिंतीवर चढले, तशी गाइडबाई ओरडत धावली.

"अहो, उतरा! आपला बांध नाही तो!" मी म्हटलं.

बाईंनी राग गिळून माहिती सांगितली, अभिजित मराठीत सांगत गेला. राजाने हे शहर धाकट्या मुलाच्या नावाने वसवलं होतं.

हे थांबलेच. "मग लेक राहिला का हितं?"

अभिजितने विचारलं. बाई हसून काही बोलल्या. तो बुटाने गवत उकरायला लागला.

"सांग की."

"नाही बाबा. तो राजा झाला, पण राहिला राजधानीत. तोलेदोला."

ह्यांनी खाली नदीकडे बघितलं. "तू बी नाही यायचास. व्हय ना?"

अभिजितचे डोळे भरले. त्याने होकाराची मान हलवली.

"अरे, मग तसं सांगायचं! दगडं दाखवायला एवढ्या लांब आणलं व्हय!" हे हसले, पण आवाज फाटला. मला रडूच आलं.

खाली गावात तोर्तिया (बटाटे घातलेलं जाड ऑम्लेट) खाल्लं. ह्यांनी आपल्यातलं अर्धं लेकाच्या ताटात वाढलं.

खराडीला परतल्यावर तिसऱ्याच दिवशी ह्यांनी वरचं कुलूप काढलं. आता तिथे यवतमाळकडचं आयटीतलं जोडपं भाड्याने राहतं. परवा त्या मुलाचे वडील आले होते. ह्यांनी त्यांना चहाला बोलावलं.

"गावाकडं घर बांधलंय?" ह्यांनी विचारलं.

"बांधलं ना जी. पोरासाठीच."

ह्यांनी आपली खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.