मोहाखालची झाडलोट

ओमप्रकाशभाऊंची लकडगंजात लाकडाची वखार होती. आठवडाभर सागाच्या फळ्यांत उभा असणारा हा ठेंगणा, कमी बोलणारा माणूस रविवारी सकाळी सोनेगावच्या विमानतळावर जायचा आणि फ्लाइंग क्लबचं छोटं विमान घेऊन पेंचच्या जंगलावरून फिरायचा. उन्हाळ्यात कुठे धूर दिसला की पारशिवनीकडच्या वननाक्यावर खाली येऊन लाल पिशवी टाकायचा. तीत थोडी वाळू आणि जागा लिहिलेली चिठ्ठी. पिशव्या घरी पुष्पलतावहिनी शिवत. हे काम भाऊंना कुणी सांगितलं नव्हतं. “हप्ताभर लाकूड विकते अन् रविवारी जंगल वाचवते,” म्हणून बाजारात लोक हसत. “जंगल राहीन तर वखार राहीन ना गा,” एवढंच ते म्हणत.

त्र्याहत्तर सालच्या मार्चात त्यांना जिकडेतिकडे धूर दिसू लागला. पिशव्यांवर पिशव्या पडल्या. नाकेदार चंपतराव माणसं घेऊन धावले, आणि दर खेपेला तिथे बायका मोहाखालचा पाला जाळताना सापडल्या. पाला जळला की पहाटे गळलेली मोहफुलं भुईवर नीट दिसतात, वेचायला सोपी.

शेवटी चंपतराव वखारीत येऊन बसले. “शेठ, पळून पळून पाय गेले आमचे. आता तुमची पिशवी पडली तरी कोणी उठत नाही. मीबी नाही.”

भाऊंना ते फार लागलं. खरा वणवा दिसला आणि खाली कुणी उठलंच नाही, तर वर उडण्याला अर्थ काय? पुढच्या रविवारी विमान सोडून ते स्कूटरवरून नाक्याजवळच्या गावी गेले. मोहाखाली तुळसाबाई काडी पेटवायच्या बेतात होती.

“बाई, काहून जाळता? झाडून घ्या ना.”

“झाडण्यात सकाळ जाते गा भाऊ. तू येतं का झाडून द्याले?”

“येतो.”

“ऐकलं का वं? विमानवाला झाडून देते म्हणे!” बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

भाऊ खरंच आले, स्कूटरला खराटे बांधून. पहिल्या दिवशी तळहाताला फोड आले. त्यांना झाडताही धड येत नव्हतं. पाला उताराच्या वरच्या बाजूला ढकलायचे, वाऱ्यानं तो परत खाली. “घरी वहिनी काई करूच देत नाही वाटते!” तुळसाबाई म्हणाली, पण खराटा कसा धरायचा तेही तिनेच दाखवलं. क्लबातले मित्र विचारत, “आता विमानाले खराटा बांधून उडतं का गा?” मोहाचा हंगाम सरेपर्यंत भाऊंनी एकही रविवार चुकवला नाही.

पुढच्या वर्षी ते पुन्हा खराटे घेऊन हजर झाले, तेव्हा तुळसाबाईनं पेटती काडी पायाखाली विझवली. “पाहुणा झाडते अन् आपण जाळतो, बरं दिसत नाही वं,” ती बाकीच्यांना म्हणाली. हळूहळू शेजारच्या पाड्यांतही खराटे फिरू लागले. भाऊ पुन्हा उडू लागले. वरून मोहाखाली स्वच्छ, तांबूस गोल दिसायचे आणि धूर कुठेच नसायचा.

चैत्रातल्या एका रविवारी मात्र नाल्यापलीकडच्या उतारावर धुराची लांब रेघ दिसली. भाऊंनी पिशवी टाकली आणि नाक्यावर घिरट्या घालत राहिले. अंगणात कुणी दिसेना. पेट्रोलचा काटा खाली येत होता. ते पुन्हा वळले, आणखी खाली आले.

तेव्हा गावाकडून माणसं निघालेली दिसली. हातात हिरव्या फांद्या, सगळ्यांत पुढे लुगडं खोचलेली एक बाई. तिच्यामागे खाकी कपड्यात चंपतराव. रांग नाला ओलांडून उतारावर पसरली.

पिशवी नाक्याच्या कुंपणाबाहेर पडून आधी तुळसाबाईलाच सापडली होती. तिला वाचता येत नव्हतं. पिशवी घेऊन ती नाक्यात शिरली, तेव्हा चंपतराव जेवत होते.

“कोणाच्या मोहाखाली धूर आहे, आधी कोणी पाहून तर येऊ द्या,” ते म्हणाले.

“मोहाखाली कोणीच जाळत नाही आता,” ती म्हणाली. “उठा.”

चंपतराव ताटावरून उठले.