दादाच्या तलवारीची मूठ

माघातल्या एका रविवारी गावी गेले होते, नेवाशाजवळ. यात्रा तोंडावर आली होती, देवळाच्या सभामंडपात नाटकाच्या तालमी सुरू झाल्या होत्या... आणि दादा घरात टीव्ही लावून बसला होता. आवाज बंद करून.

आमच्या गावात यात्रेला दरवर्षी ऐतिहासिक नाटक होतं. त्यातला सेनापती म्हणजे माझा थोरला भाऊ, हे मी शाळेत असल्यापासून ठरलेलं. शत्रूचा सरदार म्हणजे त्याचा जिवाभावाचा मित्र अंकुश. दोघांची शेवटची लढाई बघायला आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक यायचे.

गेल्या पावसाळ्यात म्हशींसाठी मका कापताना दादाचा उजवा हात कुट्टी मशीनमध्ये गेला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारची अनामिका, दोन्ही गेली. अंकुश तिथंच उभा होता. त्यानंच मशीन बंद केलं, त्यानंच दादाला गाडीवर घालून दवाखान्यात नेलं.

नाटक मंडळानं सेनापतीचं काम लगेच दुसऱ्याला दिलं नव्हतं. "बघा, जमतंय का" एवढंच म्हणाले होते. पण नाटकातल्या तलवारीची लाकडी मूठ दादाच्या हातात टिकेना. घुमवली की गरकन फिरायची आणि खाली पडायची.

वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "रोज गोठ्यात जाऊन धरून बघत्यात, ताई. पडल्याचा आवाज येतो मला आत."

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. मनात आलं, हात तर बदलता येत नाही, मूठ बदलू. दादाच्याच हाताच्या मापाची करू.

माप घ्यायला वहिनीनं परातीतला कणकेचा गोळा दिला. दादानं तो मुठीत घट्ट दाबला आणि हात उघडला. दोन बाजूला बोटांचे खोल खड्डे, आणि मध्ये कणीक तशीच फुगून वर आलेली. त्या गोळ्यावरून मी मापं घेतली. नंतर वहिनीनं त्याच्या चपात्या केल्या नाहीत, तो गोळा म्हशीला घातला.

गावातल्याच फॅब्रिकेशनवाल्याकडून रेलिंगच्या स्टील पाइपचे उरलेले तुकडे आणले. गोल पाइप हातात फिरतो, म्हणून तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात दाबून जरा चपटा केला. जिथं कणीक वर आली होती तिथं पाइपचाच एक छोटा उंचवटा जोडला, म्हणजे तर्जनी आणि करंगळी यांच्यामधली रिकामी जागा भरेल. बोटांच्या बाहेरून जाणारी कडी बारीक पाइपची केली. पहिली वाकवताना चेपली. मग दुसऱ्या पाइपात वाळू ठासून भरली, तो तापवला आणि हळूहळू वाकवला. वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली... इतकं जीव लावून मी फार दिवसांत काही केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दादानं अंगणात तलवार हातात घेतली. घुमवली. पुन्हा घुमवली. मग जोरात झटका दिला... मूठ जागची हलली नाही.

"बसली गं," एवढंच म्हणाला. आणि त्याच पावली आम्ही तालमीला गेलो.

सगळे उठून उभे राहिले. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी मूठ बघितली, माझं कौतुक झालं. शेवटची लढाई घ्यायचं ठरलं. दादानं पहिला वार केला आणि तलवारीचा पत्रा असा खणकला की मला रडूच आलं.

मग अंकुशची पाळी आली. त्यानं तलवार उचलली आणि... नुसती टेकवली. दुसरा वार तसाच. तिसरा तर दादाच्या तलवारीपर्यंत पोचलाच नाही.

"मार की आंक्या!" दादा म्हणाला. "मूठ पक्की हाय."

"मारतोय की."

"ह्याला मारणं म्हनत्यात व्हय?"

अंकुशनं पुन्हा हात उचलला. वर नेला आणि तिथंच थांबला. तो दादाच्या तोंडाकडं बघत नव्हता, त्या हाताकडं बघत होता. म्हणाला, "न्हाई हुत मला... मशीनच दिसतंय."

दादानं कडीतून सावकाश हात बाहेर काढला आणि तलवार पायरीवर ठेवली. मंडळाच्या अध्यक्षांना म्हणाला, "सेनापतीचं काम दुसऱ्याला द्या. लुटूपुटीची लढाई बघाया कोन येनार?"

घरी येताना मी म्हणत होते, त्याला थोडा वेळ दे, होईल सवय. दादा म्हणाला, "माझ्यापरीस त्यालाच जास्त लागलंय, शुभे. त्याला कुठं मूठ करून देशील?"

यात्रेच्या दिवशी दादा येणार नाही असंच आम्ही धरून चाललो होतो. पण तो आला. माझ्या आणि वहिनीच्या मध्ये सतरंजीवर बसला. नवा सेनापती तसा पोरसवदा, आवाज जरा कोवळा, पण बरं काम करत होता.

शेवटची लढाई सुरू झाली. अंकुश नुसता तुटून पडला. वारावर वार, खणखणाट, लोकांच्या शिट्ट्या... नवा सेनापती खरोखर मागं मागं सरकायला लागला.

दादा माझ्याकडं झुकला. स्टेजवरची नजर न काढता हळूच म्हणाला,

"बघ... आता कसा मारतोय."

त्यात राग नव्हता. कौतुक होतं, आणि असं काही होतं ज्याला मला नाव देता येत नाही.

आपल्या माणसाचं दुखणं कमी करायला आपण धावतो, आणि ते तर शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्याच माणसाच्या हातात जाऊन बसलेलं असतं... तरीही दादा नाटक बघायला आला, शेवटपर्यंत बसला. या वर्षी मला एवढं पुरे आहे.