ट्रेबलचं बटण

मध्यंतरी भाच्यानं एक रंगीत पत्रक आणून दाखवलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या कंपनीचे कॅसेट वाजवायचे सेट आम्ही जालन्यात पंधरा-सोळा वर्षं आमच्या दुकानात विकले, तिनं म्हणे जुन्या घडणीचा नवा सेट काढला होता, खास तरुणांसाठी. लाकडी पेटी, पुढे कापड, दोन मोठी गोल बटणं. भाचा म्हणाला, "मावशी, तुमच्या दुकानातल्यासारखाच हाय बघ." मी औरंगाबादला गेले तेव्हा मुद्दाम एका चकचकीत दुकानात शिरून तो पाहून आले. लाकूड म्हणजे वरून चिकटवलेला कागद होता. ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाज कमी-जास्त करायचं बटण फिरवलं तर ते फिरतच राहिलं. त्याला सुरुवात नाही, शेवट नाही. विकणारा म्हणाला, "मॅडम, ते नुसतं फिरतं. आत सगळं कॉम्प्युटर करतो." त्या बिचाऱ्याचा काय दोष!

बटणाला सुरुवात आणि शेवट का हवा, हे आमच्या आबांनी सांगितलं असतं. आबा म्हणजे माझे वडील. एक्याऐंशी साली त्यांनी दुकान टाकलं तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते, आणि कॉलेज संपेपर्यंत दुकानातलं डाग देण्याचं, म्हणजे तारा जोडायचं काम माझ्याकडे आलं होतं. आबांची विकायची एक तऱ्हा होती. गिऱ्हाइकानं घरून आपली कॅसेट आणायची, चप्पल काढून सतरंजीवर बसायचं आणि डोळे मिटायचे. आबा बेस आणि ट्रेबलची बटणं सावकाश फिरवत विचारायचे, "आता? आता बराबर लागून राह्यलं का?" माणूस हो म्हणाला की ते बटणाच्या शेजारी पेटीवर नखपॉलिशचा एक ठिपका द्यायचे. नवऱ्याचा लाल, बायकोचा गुलाबी, म्हाताऱ्याचा आणखी वेगळा. बटणावरची रेघ आपल्या ठिपक्याला आणली की गाणं आपल्या कानाचं. राजूरच्या एका घरात एकाच सेटवर पाच ठिपके होते आणि कुणी आपला सोडून दुसऱ्याचा लावला की भांडणं व्हायची. नखपॉलिश माझी जायची, त्यावरून आमची भांडणं व्हायची ती वेगळीच.

मग नव्वदीच्या मध्यात कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात फाइल, आणि दर दुसऱ्या वाक्याला "यंग जनरेशन". यंग जनरेशनला लाकूड नको असतं, यंग जनरेशनला बटणं पिळत बसायला वेळ नसतो. त्यानं खोक्यातून चंदेरी प्लॅस्टिकचा सेट काढला. ठेक्यावर लाल-हिरवे दिवे नाचायला लागले आणि कपाटाच्या काचा थडथडायला लागल्या. बेस कायमचा वाढवून ठेवलेला होता. ट्रेबलचं बटण शोधून सापडेना. त्याऐवजी दाबायच्या तीन कळा: रॉक, पॉप, डिस्को.

आबांनी शांतपणे विचारलं, "भजनाला कोणती दाबायची?"

तो जरा विचार करून म्हणाला, "पॉप."

अजून आठवलं की हसू येतं, आणि लगेच संतापही येतो. तरुण म्हणजे कोण, हे त्याला कुणी सांगितलं होतं? मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, त्याच्यासमोर उभी होते, मला त्यानं विचारलं नाही. अंकुशनगरहून साखर कारखान्यातले विशी-बाविशीचे कामगार आमच्याकडे यायचे. सतरंजीवर बसून आबांशी हुज्जत घालायचे, "काका, अजून जरा उघडा, बासरी दबून राह्यली." हे तरुण नव्हते का? कंपनीच्या लेखी तरुण म्हणजे अर्धा बहिरा आणि पूर्ण उतावळा. स्वतःला खर्चात काटछाट करायची होती, ट्रेबलचं बटण गाळायचं होतं, आणि बिल फाडलं आमच्या पिढीच्या नावावर!

पण सगळा राग कंपनीवर काढून मला हात झटकता येणार नाहीत. त्या माणसानं एक योजना आणली होती. जुना सेट आणा, नवा घेऊन जा. जमा झालेले जुने सेट मात्र कुणी परत विकू नयेत म्हणून त्याच्या डोळ्यांदेखत फोडायचे. आबा म्हणाले, "हे आपल्याच्यानं होणार न्हाई." तो म्हणाला, मग एजन्सी दुसऱ्याला जाईल. आणि माझ्याकडे वळून पुढे म्हणाला, "आता दुकान तुमच्यासारख्या नव्या विचारांच्या मुलींनीच चालवायला पाहिजे." मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फार आवडलं. मी आबांना म्हटलं, "आबा, तुम्ही बसा. मी बघते."

योजनेत जे सेट आले त्यात एक केदारखेड्याच्या बाईंचा होता. बाई म्हणजे तिथल्या शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. उतारवयात त्यांचे कान बारीक आवाजाला बंद झाले होते. गुणगुण ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. आबांनी त्यांच्यासाठी ट्रेबल पार टोकापर्यंत उघडून तिथं ठिपका दिला होता. त्या ठिपक्यावर त्या कॅसेटमधल्या नव्या चाली ऐकायच्या, शब्द वहीत उतरवून घ्यायच्या आणि शनिवारी ओसरीवर गावातल्या बायकांना भजन शिकवायच्या. त्यांचा मुलगा जालन्यात नोकरीला होता. आईला नवं काहीतरी द्यावं म्हणून तो हौसेनं जुना सेट घेऊन आला होता. टोकाचा लाल ठिपका मला दिसला. कुणाचा आहे ते मला ठाऊक होतं, का आहे तेही. मी कागदावर त्याची सही घेतली आणि नवा सेट बांधून दिला.

आठवड्यानं मागच्या अंगणात सगळे सेट मांडले. आबा रस्त्यावर निघून गेले. हातोडा मी घेतला. कंपनीचा माणूस सावलीत उभा राहून यादीवर खुणा करत होता. आमचा सतरंजीपुढचा, गिऱ्हाइकाला ऐकवायचा सेटही त्याच यादीत होता. चांगलं सागवान होतं, एका घावात फुटत नव्हतं.

तीन-चार महिन्यांनी केदारखेड्याला एका घरी सेट दुरुस्त करायला गेले, तेव्हा बाईंकडे डोकावले. शनिवार होता आणि ओसरी रिकामी होती. मी विचारलं, "बाई, मंडळ न्हाई का आज?"

"बंद केलं गं," त्या म्हणाल्या. मला मोठ्यानं बोलावं लागलं होतं. "पोरानं इतका भारी सेट आणून दिला, दिवे बी लागतेत. पण नुसतं धडधड वाजतंय, अक्षर समजत न्हाई. मंग कळलं, आपले कानच गेले आता. चुकीचे शब्द कशाला शिकवायचे बायांना?"

मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी सांगितलं, "बाई, कान न्हाई गेले. सेटच तसा हाय. त्यात बारीक आवाज वाढवायची सोयच न्हाई."

आधी त्यांचा विश्वास बसेना. इतकी जुनी कंपनी, ती कशाला असलं काही करील, म्हणाल्या. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असा आनंद पसरला की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"म्हणजे कान बराबर हायत माझे!" त्या म्हणाल्या. "मंग माझा जुनाच दे की आणून. तुमच्याच दुकानात तर दिल्ता त्यानं."

मला नाही म्हणता आलं नाही. मी म्हटलं, "बघते, बाई."

त्या तेवढ्यावरच उठल्या. कोनाड्यातला चंदेरी सेट दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवला आणि जुन्याला जागा करायला पदरानं कोनाडा पुसायला लागल्या.