लाकडानं गप्प राहावं

माणिक गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात हळद निवडत होते. भाचा म्हणाला, "आत्या, बाबा गेले. दुकानातच, बसल्या बसल्या." निघते म्हटलं. रडायला वेळ होता, वसमतची बस आधी धरायची होती...

माणिक माझा धाकटा भाऊ. स्पीकरच्या पेट्या करायचा, देवळांच्या आणि लग्नात वाजवणाऱ्यांच्या. प्लायवूड आणायला गेला की एकेक शीट उभी करून बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा. आत पोकळ राहिलेली बाजूला सारायचा. दुकानदार म्हणायचा, "माणिकराव, प्लाय घ्यायला आला का टरबूज?" हा पुढची ठोकायचा.

मागं एकदा आमच्या हट्टा गावच्या देवळात सप्ताहासाठी नवे स्पीकर करायचं ठरलं, काम माणिकला दिलं. माझ्या मालकांनी जपून ठेवलेल्या सागवानी फळ्या मी चारचौघांत देवाला देऊन टाकल्या. देवाला दिलेली वस्तू आमच्याकडं परत घरी आणत न्हाईत. माणिक आला, फळ्या ठोकल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "अक्का, पेटीला हे चालणार न्हाई."

मंडळी बिघडली. सागवान सोडून देवाला प्लायच्या, चिकटवलेल्या लाकडाची पेटी? काम दुसऱ्याला देऊ म्हणाले. त्याचं काम हातचं जात होतं आणि माझा शब्दही. मी म्हटलं, "काहून चालत न्हाई? जन्माचं सागवान हाये."

"दाराला चांगलं हाये. उन्हात आक्रसतं, पावसात फुगतं. पेटीचा सांधा सुटला की हवा फुसफुसते. अन् अख्खी फळी एखाद्या सुरावर घुमते. प्लायचे थर उभे-आडवे असतात, एकमेकाला धरून ठेवतात." मग म्हणाला, "एक पेटी तुझ्या सागाची करतो, एक प्लायची. तू म्हणशील ती ठेवू."

माझं सागवान, निकाल माझाच. गावाला वाटलं, झालं काम, सागाचीच राहणार. मलाही तेच वाटलं.

दोन्ही पेट्या देवळात मांडल्या. एकाच मापाच्या, स्पीकरही सारखेच. पखवाज सुरू झाला, बुवांनी अभंग धरला. सागाची पेटी दिसायला नवरीसारखी. माणिकनं माझा तळवा तिच्या कुशीवर ठेवला. पखवाजाच्या प्रत्येक थापेला लाकूड हाताखाली थरथरत होतं आणि बुवांच्या आवाजामागं काहीतरी गुणगुणत होतं. मग प्लायच्या पेटीवर हात ठेवला. तिथं काहीच न्हाई. नुसते बुवा.

"लाकडानं गप्प राहावं, अक्का. बोलायला बुवा हायेत."

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हटलं, "माझं सागवान मधी मधी बोलून राहिलं. प्लायची ठेवा." एक जण पुटपुटला, भावाची बाजू घेतली. मी म्हटलं, ये, हात लाव. तो आला, हात लावला आणि जागेवर जाऊन बसला.

माणिकनं प्लायची दुसरी पेटी केली. सागाची खोलून तिचं पोथी ठेवायचं व्यासपीठ केलं. वस्तू देवाचीच राहिली. मी घरी आल्यावर त्याला चांगलं झापलं, आधी मला एकटीला सांगता येत नव्हतं का म्हणून. तो म्हणाला, "एकटीला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतं व्हय?" नसतं ऐकलं.

परवा त्याच्या नावानं देवळात भजन ठेवलं. पेट्या त्याच, रंग तेवढा उडालाय. भजन रंगात आलं तेव्हा मी उठले आणि पेटीच्या कुशीवर तळवा ठेवला. बायकांना वाटलं, म्हातारीला भोवळ आली. भोवळ न्हाई... मी बघत होते. पखवाज जोरात होता, हाताला काही लागलं न्हाई. काम बराबर होतं. जागेवर येऊन बसले.