रस्ता न विचारता

कोणी रस्ता विचारला की आपल्याकडचा माणूस लगेच रस्ता सांगत नाही. आधी विचारतो, कोणाकडं जायचंय? मग, कुठून आलात? मग, पाव्हणे कोणाचे तुम्ही, आडनाव काय? एवढं झालं की मग त्याचा हात वर होतो. लोक याला आपुलकी म्हणतात. शहरात ही राहिली नाही म्हणून गळे काढतात. काढा बापडे. मला त्या प्रश्नांनी तळपायाची आग मस्तकात जाते, आणि ती जाते म्हणूनच मी माझ्या मोटारसायकलला रस्ता दाखवणारं यंत्र बसवून घेतलं. जीपीएस. बँकेतल्या मित्रांना वाटलं, याला शौक आहे, लांब लांब गाडी फिरवतो, आता हे खूळ. शौक कसला डोंबलाचा.

आमचं आडनाव ऐकलं की समोरच्याला कळतं, हे बौद्ध. कळू दे. आम्ही कधी लपवलं नाही. पण कळल्यावर तो हात वर व्हायला जो वेळ लागतो ना, तेवढ्यात माझं डोकं फिरतं.

त्याचं मूळ जुनं आहे. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी नववीत होतो. वडलांची धाकटी बहीण, माझी आत्या, त्याच वर्षी नवऱ्यामागं नव्या गावी राहायला गेल्ती. नवऱ्यानं तिथं एका शेतकऱ्याकडं साल धरलं होतं. गाव वाटूरच्या पलीकडं. नाव लिहीत नाही. माझ्या हातून कागदावर यावं एवढी त्याची लायकी नाही. तिथं आत्या तापाचं निमित्त होऊन गेली, मागं एक लहान पोरगं ठेवून. निरोप आला तसे वडील मला घेऊन निघाले. वाटूरपर्यंत एसटी, पुढं पायी. वडलांनी ते गाव पाहिलेलं नव्हतं.

गावात शिरताना पाण्याच्या हौदाजवळ एक माणूस बसला होता. वडलांनी विचारलं. त्यानं सगळे प्रश्न विचारले, आडनावासकट, सावकाश, सुपारी कातरत. मग ओढ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "ह्या काठानं सरळ जा. बिलकुल सरळ." आम्ही सरळ गेलो. पुढं ज्वारी, त्याच्या पुढं ज्वारी, आणि मग काहीच नाही. माणूसही नाही विचारायला. वडील पळायला लागले, तेव्हा मला कळलं की आपण चुकलोय. उलटं येऊन, पलीकडच्या अंगाला वस्ती सापडेपर्यंत दिवस कलला होता. भावाची वाट बघून बघून लोकांनी माती उरकून घेतली होती.

परत येताना तो माणूस तिथंच बसलेला होता. "सापडलं का?" म्हणाला.

त्याची चूक झाली होती की त्यानं मुद्दाम केलं, यावर मी आयुष्यात बराच विचार केला. वडलांनी एकदाही केला नाही. त्यांना माहीत होतं. त्या दिवसापासून त्यांनी परक्या गावात कोणाला रस्ता विचारला नाही, आणि त्या गावाला पाय लावला नाही. आत्याचं पोरगं, माझा आतेभाऊ, तोच आमच्याकडं यायचा. दिवाळी आमच्यात, उन्हाळा आमच्यात. वडलांनी त्याला खांद्यावर घेऊन सगळा जालना फिरवला, शिकवला, मास्तर केला. पण त्याच्या गावाला? नाव काढायचं नाही. वडील जात नाहीत तिथं आम्ही तरी कोणत्या तोंडानं जाणार? आमच्या घरातून त्या वाटेला कोणीच गेलं नाही.

मग त्या मास्तरानं वस्तीत, आईच्या झोपडीच्या जागेवर, पक्कं घर बांधलं. स्लॅबचं. आणि आमच्याकडं येऊन बसला. म्हणाला, "मामा, तुमचा पाय लागल्याबगर मी त्या घरात राहायला जाणार न्हाई." आम्हाला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. कसलं काय. महिना गेला, दुसरा गेला. नवं घर कुलूप लावून उभं, आणि हा बायकापोरांसकट शेजारी पत्र्याच्या शेडात. मामाचा भाचा शेवटी. वडील पंचाहत्तरीला आलेले, छातीचं दुखणं मागं लागलेलं. त्यांच्यानंतर त्या घराचं कुलूप निघालं तरी काय आणि न निघालं तरी काय.

भाचा म्हणाला, मी फाट्यावर घ्यायला येतो. वडील म्हणाले, "माझ्या बहिणीच्या दारात मला हाताला धरून न्यायचं? तवा धरलं का कुणी?" मी म्हणालो, मी नेतो, विचारत विचारत जाऊ. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी तो नाद सोडला. न्यायचं कोणी नाही, विचारायचं कोणाला नाही. आता घ्या.

त्याच दिवसांत पुण्याहून आलेल्या एका मित्राच्या मोटारीत मी ते यंत्र पाहिलं. गल्लीबोळ दाखवतं, म्हणाला. आठवडाभरात मी तसलंच आणलं आणि वडलांपुढं ठेवलं.

"हे रस्ता सांगतं?"

"हो."

"आन इचारतं काय?"

"कुठं जायचं, तेवढंच."

"कोणाचे, कुठले?"

"न्हाई इचारत."

त्यांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. "मंग लाव," म्हणाले.

लाव म्हणणं सोपं. यंत्र मोटारीसाठीचं, काचेला रबरी चकतीनं चिकटवायचं. मोटारसायकलला काच कुठली? नव्या मोंढ्याकडं एक वायरमन होता, त्याच्याकडं गाडी नेली. त्यानं यंत्र पाहिलं, मला पाहिलं.

"कुठं जायचं साहेब, हे घेऊन? दिल्ली?"

"वाटूरच्या पुढं."

तो खो खो हसला आणि शेजारच्या पंक्चरवाल्याला ओरडून म्हणाला, "ऐकलं का, साहेबाला वाटूरला जायला टीव्ही लागून राह्यला!" मग मला म्हणाला, "कशाला खर्चा करता साहेब? तोंड हाय ना? इचारत इचारत माणूस काशीला जातं."

"ज्याला काशीला जायचं त्यानं जावं," मी म्हणालो. "मला कोणाच्या तोंडाला लागायचं नाही. तुझ्याही. काम कर."

त्यानं काम केलं, पण तोंड बंद ठेवून करेल तर शपथ. लोखंडी पट्टी वाकवून हँडलच्या दांड्यावर पकड बसवली, खाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. मोटारीचा चार्जर फोडून त्यातलं सर्किट काढलं. हे सगळं चांगलं केलं. मग गडी वायर थेट बॅटरीला जोडायला निघाला. मी म्हणालो, चावीतून घे, नाहीतर गाडी बंद असली तरी ते बॅटरी पीत बसेल. तो म्हणाला, काही होत नाही. मी म्हणालो, होतं. तो म्हणाला, आजवर शंभर गाड्या केल्या. मी म्हणालो, ही एकशे एकावी, ही माझी. कुरकुरत हेडलाइट उघडला, चावीतून वायर काढली, फ्यूज घातला. चालू केलं, पडदा उजळला. हॉर्न दाबला, पडदा गेला. एक जोड ढिला होता, परत उघडा. तो बसवला, तर हँडल डावीकडं पूर्ण वळवलं की वायर ताणून पुन्हा पडदा गेला, कारण पठ्ठ्यानं शोभा म्हणून वायर घट्ट आवळून बांधली होती.

"हँडल इतकं कोण वळवतं साहेब?"

"मी वळवतो. गावातल्या बोळात वळवावंच लागतं."

"बोळात गेल्यावर इचारायचं ना मंग."

पुन्हा तेच. माझा हात त्याच्या पान्याकडं गेला होता, खोटं कशाला बोलू. त्याला माझं काय माहीत? काहीच नाही, हे मला कळत होतं आणि त्यानं राग काही कमी होत नव्हता. वायर सैल सोडून घेतली. ऊन पडलं की पडदा दिसत नव्हता म्हणून वर काळ्या रेक्झिनची झापड शिवून घेतली. तिन्हीसांजेला गाडी घेऊन निघालो तेव्हा तो म्हणाला, "जपून जा साहेब, आन चुकलात तं इचारा." मी मागं वळून पाहिलं नाही.

रविवारी निघालो. वडील मागं, पांढराशुभ्र सदरा, पिशवीत भाच्याच्या बायकोला लुगडं आणि पोरांना बिस्किटं. माझ्या कानात एक बाई इंग्रजीत बोलत होती.

"काय म्हणती?" वडील मागून ओरडून विचारायचे.

"सरळ जा म्हणती."

"आणखी काय इचारती?"

"काहीच न्हाई."

"चांगली बाई हाय," वडील म्हणाले.

वाटूर फाट्यावर तिनं बरोबर वळवलं. पुढचा अरुंद रस्ताही बरोबर सांगितला. ते गाव आलं, आणि ग्रामपंचायतीसमोर बाई म्हणाली, आपण पोचलात. आणि गप्प झाली. पडद्यावर पुढं नुसतं पांढरं. बोळ नाही, ओढा नाही, वस्ती तर नाहीच. इतके पैसे ओतले, इतकी डोकेफोड केली, आणि यंत्रही गावात येऊन थांबलं, वस्तीपर्यंत नाही. एवढ्या वर्षांत गाव असं वाढलं होतं की मलाही काही ओळखू येईना.

भाच्याला फोन करता आला असता. पण ते विचारणंच झालं. मी गाडी तशीच पुढं काढली आणि गावाला एक चक्कर मारली. मग आणखी एक. एवढी मोठी धडधडणारी गाडी, मागं म्हातारा, पुढं पेटलेला टीव्ही, आणि मागं कुत्री. रस्ता विचारला असता तर एका माणसाला कळलं असतं, आता अख्खं गाव दारात येऊन बघत होतं. वडलांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "बास. उतरव मला."

चहाच्या हॉटेलापुढं चारपाच जण होते. वडील सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. बशीतून चहा पिणारा एक तिशीतला गडी म्हणाला, "कोणाकडं जायचं बाबा?"

वडलांनी भाच्याचं नाव सांगितलं. आणि पुढचं कोणी विचारायच्या आत आपलं आडनाव सांगितलं, इतक्या मोठ्यानं की मला गाडीपाशी ऐकू आलं. बशीवाला म्हणाला, "मास्तर व्हय? त्या टाकीपासून उजवीकडं, शेवटचं घर."

वडील परत येऊन मागं बसले. "डावीकडं घे."

"तो उजवीकडं म्हणाला, दादा."

"म्हणून तं डावीकडं."

मी त्या ज्वारीत त्यांच्या मागं पळालो होतो. टाकीपासून डावीकडं घेतली. रस्त्याची गाडवाट झाली, गाडवाटेची पाऊलवाट, आणि मग कापसाच्या वावरात काळ्या मातीत मागचं चाक रुतलं. ओढा समोर. तोच ओढा. वडील उतरून त्याच्याकडं बघत उभे राहिले, आणि मी गाडीला शिव्या घालत ढकलत होतो.

मागून आवाज आला. "ओ बाबा! तिकडं न्हाई वो! तिकडं नुसतं वावर हाय!" बशीवाला. चप्पल हातात घेऊन वावरातून पळत आलता, गुडघ्यापर्यंत मातीनं भरलेला. धापा टाकत म्हणाला, "म्या उजवीकडं म्हणलं व्हतं."

वडलांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "कोणाचा रे तू?"

त्यानं बापाचं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, घर कुठं तेही सांगितलं. कोणी विचारलं की सांगायचं असतं, तसं. मी ऐकत राहिलो, ते हौदावाल्याचं तर नाही ना म्हणून. पण त्या माणसाचं नाव आम्हाला कधी कळलंच नव्हतं. आम्ही कुठं त्याला विचारलं होतं?

"बराबर," वडील म्हणाले.

त्यानं गाडी ढकलायला हात लावला आणि आमच्या पुढं चालत आम्हाला वस्तीत आणलं. आतेभाऊ शेडातून धावत आला, मामाच्या पाया पडला, कुलूप काढायला धावला. त्याची बायको बशीवाल्याला म्हणाली, बसा भाऊ, चहा टाकते. तो अंगणाबाहेरच उभा होता. "न्हाई, न्हाई. आत्ताच घेतला," म्हणाला. पाणी दिलं, तर म्हणाला, तहान नाही. वावरातून पळत आलेला माणूस. आणि झपझप निघून गेला.

चहा त्यानं खरंच आत्ताच घेतला होता. बशी मी पाहिली होती. पण पाणी? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी वडलांना म्हणालो, "बघितलं? पाणी न्हाई घेतलं."

"बघितलं," वडील म्हणाले. ते नव्या घराच्या उंबऱ्यापाशी उभे होते, कुलूप निघालेलं, दार उघडं. "पळत आला, तेबी बघितलं. तवा एकजण बी आसा पळत आला आसता, तं मला तिचं तोंड दिसलं आसतं." आणि डोक्यावरची टोपी काढून ते आत गेले.