वहिनींच्या नावावरच्या विकेट्स

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि ज्यांना सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या वहिनींना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्याकडे कधी मॅच बघायला येणार नाही. आलात तर वहिनी तुमच्यापुढे गरम पोहे ठेवतील आणि मला तुमच्याकडे बघता येणार नाही — एवढंच.

आधी एक कबूल करतो. मी काही या गोष्टीने खंगलेला वगैरे माणूस नाही. डोंबिवलीत आमचे दोन फ्लॅट शेजारी शेजारी आहेत, एकात दादा-वहिनी, एकात आम्ही तिघं. दारं दिवसभर उघडी असतात. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी टूलरूम सांभाळतो, कामाला मान आहे, जेवण चवीने जातं, आडवा झालो की झोप लागते. मला वाटायचं की असं काही केलेल्या माणसाला झोप लागत नसेल. लागते. चांगली लागते.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. माहेर टिटवाळ्याचं. त्यांचे वडील रविवारी कल्याणच्या मैदानांवर क्लबच्या सामन्यांना अंपायर म्हणून जायचे, कधी स्कोअर लिहायला बसायचे, आणि सोबत या लेकीला न्यायचे. दहाव्या वर्षी ती मुलगी अख्खा डाव एकही चूक न करता लिहायची. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत साड्यांच्या खाली आडव्या रेघांची एक लांबलचक वही होती. ती संपली की तशीच दुसरी आणायच्या. आमच्याकडे मॅच लागली की वहिनी दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या, मांडीवर वही, पायाशी मेथीची जुडी. निवडता निवडता लिहायच्या. एक ठिपका, एक पान, एक ठिपका.

आणि घरातला क्रिकेटमधला जाणकार कोण? मी. म्हणजे मीच ठरवलेलं तसं. ऑफिसच्या टीमकडून खेळायचो, गुडघा जायच्या आधी बरा खेळायचो. सुट्टी जुळली की कारखान्यातले तीन-चार मित्र ठाण्याहून आमच्याकडे यायचे, आणि ते टीव्हीपेक्षा माझं ऐकायला येतात असा माझा समज होता. आता बघा — असा समज असलेल्या माणसाला काय झोंबेल?

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आपली टीम ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेलेली. आधी वनडे, मग टी-ट्वेंटी, शेवटी कसोट्या. पहिल्याच वनडेला आपली बोलिंग चालू असताना चेंडू त्यांच्या बॅट्समनच्या पॅडवर आदळला आणि मी उठून उभा राहिलो, आउट, सरळ आउट, याला काय रिव्ह्यू बघायचाय. वहिनी मेथीतून मान वर न करता म्हणाल्या, "टप्पा लेगच्या बाहेर आहे भाऊजी. नाही देणार." रिव्ह्यूत टप्पा लेगच्या बाहेर. वीतभर. साळवी — हा माझा जुना मित्र, माझ्याच टूलरूमचा — मांडीवर थाप मारून म्हणाला, "काय रे, तू काय बघत होतास? यापुढे वहिनींनाच विचारायचं."

आणि विचारायलाच लागले की. वहिनी, आता कुणाला आणतील? वहिनी, रिव्ह्यू घेतील का? त्या दोन शब्दांत सांगायच्या आणि तसं व्हायचं. मी मोठ्याने बोलायचो आणि कुणी ऐकायचं नाही. मला हेवा वाटला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला भाजी निवडणाऱ्या वहिनीचा हेवा — हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

त्याच सामन्यात, आपली बॅटिंग आल्यावर, वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि आपला सेट झालेला बॅट्समन त्याच चेंडूवर बोल्ड झाला. योगायोग. साळवी गमतीने म्हणाला, "वहिनी, तुम्ही आलात आणि हा गेला." सगळे हसले. वहिनीही हसल्या.

आमच्या घरात मॅचचे नियम कडक असतात, तुमच्याकडेही असतील. जोडी जमली की जागा बदलायची नाही. दादा एकदा दीडशे धावांची भागीदारी होईपर्यंत डावा पाय उचलून बसलेला. त्यामुळे साळवीची गंमत गमतीच्या जरा पलीकडे गेली, आणि ती तशी गेल्याचं माझ्या लगेच लक्षात आलं.

दुसरा नियम दादाचा होता, मॅच चालू असताना मोबाइल बंद. कारण त्या वर्षी आम्ही डिश काढून इंटरनेटवरचा टीव्ही घेतलेला, आणि चित्र चांगलं एक चेंडू मागे चालायचं. समोरच्या बिल्डिंगमधून चौकाराची आरोळी यायची, आणि मग आमच्याकडे बोलर पळायला लागायचा. पण आपली विकेट पडली की कुणी आरोळी ठोकत नाही. सगळीकडे नुसतं गप्प होतं. ती बातमी आमच्या घरात आधी यायची नाही.

माझ्याकडे यायची. माझा फोन उशीखाली चालू असायचा.

आलं ना लक्षात? मला सांगायला जड जातंय, पण सांगतो. दुसऱ्या वनडेला फोनवर विकेट पडलेली दिसली. टीव्हीवर तो बॅट्समन अजून हातमोजे नीट करत होता. मी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "वहिनी, जरा पाणी आणता?" त्या तांब्या घेऊन उंबऱ्यात आल्या आणि स्लिपमध्ये झेल गेला.

टी-ट्वेंटीला पुन्हा एकदा. या वेळी कोणी हसलं नाही. दादाने नुसतं त्यांच्याकडे बघितलं. वहिनी ट्रे ठेवून गेल्या आणि त्यांनी स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं. मी म्हणालो नाही, की राहू द्या.

तिथेच थांबलो असतो तर? पण वहिनी आतूनही हरायला तयार नव्हत्या. कसोट्या सुरू झाल्या, भल्या पहाटे टीव्ही लागायचा, आणि त्या आत कॉमेंट्री ऐकत लिहायच्या. साळवी आतल्या दिशेने ओरडून विचारायचा आणि आतून उत्तर यायचं, बरोबर उत्तर. शेवटच्या कसोटीच्या शेवटच्या दिवशी मित्रांनी पोट बिघडल्याचं कळवून रजा टाकलेल्या. मॅच वाचवायची होती. शेवटचा तास, आपल्याकडे भर दुपार, शेवटची भरवशाची जोडी तीन तास उभी. मी उशी सरकवून फोन बघितला.

मग मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेलो. फार मऊ आवाजात म्हणालो, "या ना वहिनी. असला तास बघायचा सोडून आत काय बसलात?"

त्या म्हणाल्या, "नको भाऊजी. उगाच कशाला."

"काही होत नाही हो. या."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. खुशी. मी — मीच — बोलावतोय म्हणून. त्यांनी हात नॅपकिनला पुसले, वही घेतली, बाहेर येऊन सोफ्याच्या कडेला टेकल्या. पायचीत. मधल्या यष्टीसमोर, रिव्ह्यूचीसुद्धा गरज नाही. अर्ध्या तासात बाकीचे गेले आणि आपण हरलो. वहिनी आधीच उठून आत गेल्या होत्या. त्यानंतर साळवीनेही आत ओरडून काही विचारलं नाही. जाणकार पुन्हा मी झालो.

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. पुढच्या वर्षी, लग्नानंतर अकरा वर्षांनी, आम्हाला मूल होणार होतं. ठाण्याच्या हॉस्पिटलात बायकोला ऑपरेशनसाठी आत नेलं. तिचे नऊ महिने वहिनींनी बघितलेले, आईने करावं तसं. मी खाली चहाला गेलो तर त्या गेटपाशी झाडाखाली डब्याची पिशवी घेऊन उभ्या. म्हटलं, वर चला. म्हणाल्या, "नको. आधी नीट होऊ दे सगळं. मग येते."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. त्या सावलीत आम्ही दोघंच होतो. दोन वाक्यांचं काम होतं — फोन उशीखाली होता, टीव्ही मागे होता. मी म्हणालो, "बरं." आणि एकटाच वर गेलो. मुलगी झाली. ओवी. वहिनींनी तिला घेतलं तेव्हा ती दीड तासाची होती.

ओवी आता सात वर्षांची आहे आणि सगळं छान आहे. खरंच छान आहे. ती अर्धा दिवस काकूकडेच असते. वहिनींनीही त्या प्रकाराची थट्टा करून टाकलीय. समोरच्यांची बॅटिंग असली की त्या हक्काने बाहेर येऊन बसतात. समोरची जोडी जमली की दादा हाक मारतो, "अगं ये, तुझं काम निघालंय." विकेट पडली तर साळवी उभा राहून त्यांना नमस्कार करतो. घर हसतं. मीही हसतो, आणि मला मजाही येते, हे लपवत नाही. आपली बॅटिंग आली की त्या स्टूल घेऊन आत.

आता पुन्हा दौरा चालू आहे. परवा वनडे होती. ओवीला स्कोअर लिहायला शिकायचंय म्हणून वहिनींनी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. ओवी नेमकी त्या जुन्या दौऱ्याची वही घेऊन सोफ्यावर माझ्या शेजारी बसली. पानं पेन्सिलीची, स्वच्छ. तिने बोट ठेवून विचारलं, "काकू, बोलरच्या नावापुढे ही फुली कसली?"

"ती होय? त्या माझ्या विकेट्स," वहिनी म्हणाल्या. "मी बाहेर आले आणि आपले आउट झाले ना, त्या."

ओवीने पानं उलटून मोजल्या. चार. पहिली योगायोगाची. बाकीच्या तीन कुठल्या पानांवर असतील ते मला न बघता सांगता आलं असतं.

"आपल्याच लोकांना का आउट केलंस?" ओवी म्हणाली आणि सगळे हसले. वहिनी सगळ्यांत जास्त.

मग समोरच्यांचा डाव संपला. आपले ओपनर पायऱ्या उतरून मैदानात आले. वहिनींनी ओवीच्या मांडीवरची वही मिटली, काखेत धरली, स्टूल उचललं. सोफा आणि टीपॉयच्या मधून जायला जागा अरुंद आहे. मी पाय आखडून घेतले आणि त्यांना आत जायला वाट दिली.